खाली ठेवलेला फिंजान

ज्या देशाची मी अर्धं आयुष्य चाकरी केली, तो देश मी अजून पाहिलेला नाही. हे सांगितलं की लोक हसतात. हसू देत. एसटीच्या आरक्षणाच्या खिडकीत बसणारा माणूस तरी कुठे सगळ्या गावांना जाऊन आलेला असतो?

या अंकाच्या संपादकांनी "तुमच्या नोकरीबद्दल लिहा" असा निरोप धाडला, तेव्हा मी आधी नाहीच म्हणालो. एका जागी बसून पानं भरणं हे माझं काम नव्हे. माझ्या पायाला भिंगरी आहे असं आई म्हणायची, आता बायको म्हणते. हे लिहितानासुद्धा मधेच उठून गॅलरीत जाऊन आलोय. पण सध्या मन थाऱ्यावर नाही, आणि मन थाऱ्यावर नसलं की माझ्या हाताला काहीतरी काम लागतं. म्हणून लिहितो.

मी मूळचा दापोलीकडचा. बहारीनला आलो तो एका व्यापारी पेढीत टायपिस्ट म्हणून. पेढीचे मालक बू खलील. इथे माणसाला थोरल्या मुलाच्या नावानं हाक मारतात. बू खलील म्हणजे खलीलचा बाप. घराणं मोत्यांच्या जुन्या व्यापाऱ्यांचं. आता टाइल्स, गोठवलेले मासे, डबाबंद फळं, जे खपेल ते आणतात. एका सकाळी ते हातात पितळी पाटी घेऊन ऑफिसात आले आणि म्हणाले, "इस्माईल, ही दाराबाहेर लाव. आजपासून आपण एक देश आहोत."

झालं होतं असं, की हिंदी महासागरातल्या एका चिमुकल्या बेटांच्या देशानं त्यांना आपला ऑनररी कॉन्सल नेमलं होतं. देशाचं नाव लिहीत नाही. तोंड बंद ठेवणं हा या धंद्यातला पहिला नियम, आणि सवय सुटत नाही. आता ऑनररी कॉन्सल म्हणजे काय? ज्या देशाला परक्या मुलखात स्वतःचा दूतावास परवडत नाही, तो तिथल्याच एखाद्या वजनदार माणसाला म्हणतो, बाबा रे, आमचा झेंडा तुझ्या कचेरीत लाव, आमचा शिक्का सांभाळ, आमचं माणूस अडलं तर बघ. पगार नाही. मान आहे, गाडीला वेगळी नंबरप्लेट आहे, राष्ट्रीय दिनांच्या मेजवान्यांची आमंत्रणं आहेत. मान बू खलील यांचा आणि काम माझं, अशी वाटणी होती. सनाबिसमध्ये, सीफच्या मॉलच्या मागच्या अंगाला पेढीचं ऑफिस. त्यात दुसऱ्या मजल्यावर एक खोली. तीत मी, झेंडा, शिक्का आणि सतत कुरकुरणारा एसी. व्हिसा अधिकारी मी, शिपाई मी, दुभाषा मी, ड्रायव्हरही मीच. बहारीन नकाशावर टिकलीएवढा, आणि हा दुसरा देश त्याहून लहान. त्यांचं सूत जुळवायचं काम रत्नागिरी जिल्ह्यातल्या माणसाकडे, आणि त्याच्या खिशात दोन्हींपैकी एकाही देशाचा पासपोर्ट नाही.

गिऱ्हाइकं नाना तऱ्हेची यायची. एकदा एक नवं लग्न झालेलं जोडपं आलं. मुलीनं विचारलं, "तिथे मॉल आहे?"

"नाही."

"मग संध्याकाळी करायचं काय?"

"समुद्र बघायचा."

"समुद्र तर इथेही आहे," नवरा म्हणाला.

बोलणं खरं होतं. पण गिऱ्हाईक हातचं जाऊ द्यायचं नाही म्हणून मी सुरू झालो. म्हटलं, तिथला समुद्र वेगळा. माडाची बनं थेट वाळूपर्यंत आलेली, सकाळी होड्या लागल्या की किनाऱ्यावरच माशांचा लिलाव, आणि लाल मातीच्या वाटेनं वर चढून गेलं की खालचं सगळं पाणी एका नजरेत दिसतं. मला काय ठाऊक तिथे काय आहे! मी आपलं आमच्या दापोलीजवळच्या हर्णै बंदराचं वर्णन करत सुटलो होतो. जोडपं गेलं, आणि परत आल्यावर नवरा मुद्दाम हलव्याचा डबा घेऊन आला. म्हणाला, "तुम्ही सांगितलंत अगदी तस्संच आहे." तेव्हापासून मी सगळ्यांना हर्णैच विकली. तक्रार एकाचीही आली नाही.

एक गृहस्थ बेट विकत घ्यायला आले होते. आधी त्यांनी भाव विचारला आणि मग पार्किंग आहे का ते.

या गमतीजमती झाल्या. धंद्याचं खरं तोंड दिसतं ते माणूस अडतं तेव्हा. त्या देशाची बरीच मुलंमुली इथल्या हॉटेलांत कामाला आहेत, काही पुरुष जहाजं दुरुस्त करणाऱ्या गोदीत. ऑनररी कॉन्सलला पासपोर्ट काढून देता येत नाही. तातडीनं घरी जायचा साधा कागदही देता येत नाही. ते सगळं त्यांच्या खऱ्या दूतावासात, आणि तो दुसऱ्या आखाती देशात, विमानानं जायच्या अंतरावर. मी इथून अर्ज कुरियरनं धाडायचा, तिथल्या साहेबाला सवड झाली की शिक्का बसायचा, मग कुरियर परत. माझा अर्धा दिवस फोनवर "इंशाल्ला, उद्या" ऐकण्यात जायचा. "उद्या" म्हटलं की माझ्या तळपायाची आग मस्तकात जाते, अजूनही.

सेलीन नावाची एक मुलगी होती, हॉटेलात खोल्या आवरायच्या कामाला. तिला घरून फोन आला की बाप अखेरच्या घटका मोजतोय, असशील तशी ये. हिचा पासपोर्ट मुदत संपून नवा व्हायला गेलेला, तो तिकडे अडकलेला. मी तिला माझ्या घरी घेऊन आलो, कारण हॉटेलवाल्यांच्या खोलीत ती एकटी रडत बसली असती. माझ्या बायकोनं, जुबैदानं, दोघींसाठी चहा आणून ठेवला आणि तिच्याजवळ बसून पाठीवरनं हात फिरवत राहिली. मुलगी नुसती कपाकडे बघतेय. चहावर साय धरली.

जुबैदा मला हळूच म्हणाली, "हिला आपला चाय चालत नाय काय?"

मी विचारलं, तर सेलीन डोळे पुसत म्हणाली, "आमच्याकडे यजमानानं घोट घेतल्याशिवाय पाहुणा कपाला तोंड लावत नाही. मॅडमनी अजून घेतला नाही."

जुबैदानं झटकन कप उचलून घोट घेतला. मग त्या पोरीनं तो गार चहा घटाघटा संपवला. एवढ्या दुःखात तिनं आपली रीत सोडली नाही याचं जुबैदाला फार वाटलं. पुढे कितीतरी दिवस ती ही गोष्ट शेजारणींना सांगत होती.

शेवटी कागद आला. विमानतळावर मीच तिला सोडलं. गाडीतून उतरताना तिचा फोन वाजला, आणि ती जागच्या जागी उभी राहिली. बाप गेला होता. मी तिची बॅग खाली काढून ठेवली. ती म्हणाली, "थँक्यू, मिस्टर इस्माईल," आणि बॅग ओढत आत गेली. त्या थँक्यूनं मी अजून कासावीस होतो. चूक माझी नव्हती हे मलाही कळतं. त्यांचा दूतावास इथे असता तर ती फोन आला त्याच दिवशी निघाली असती, एवढंच.

दूतावासाची बोलणी तशी बरीच वर्षं चालली होती. दोन्ही सरकारांची ना नव्हती. बेटवाल्यांकडे टुना मासा आहे, नारळ आहे, सुंदर किनारे आहेत; इथल्या राजधानीत, मनामात, कचेरी भाड्यानं घ्यायची ऐपत नाही. त्यामुळे फाइल पडून. आणि खरं सांगायचं तर आमच्याही बाजूनं कोणाला घाई नव्हती. दूतावास आला की राजदूत येणार, त्याचे सेक्रेटरी येणार, सगळी त्यांचीच माणसं. बू खलील यांची पाटी उतरणार, नंबरप्लेट जाणार. आणि माझी खुर्ची? पेढीचा रोजचा कारभार आता थोरला खलील बघतो, आणि त्यानं स्पष्टच सांगितलं होतं की कॉन्सलचं काम आहे तोवर तुमचा व्हिसा रिन्यू होईल, पुढचं सांगता येत नाही. आमची आफरीन तेव्हा अकरावीत. तिला मराठी सगळं कळतं, उत्तर इंग्रजीत येतं. तिला बारावीच्या तोंडावर उचलून दापोलीला न्यायचं, या विचारानं मी रात्री उठून येरझाऱ्या घालायचो. राहायचं घरही पेढीचंच होतं. माहूजमध्ये बू खलील यांचा जुना बंगला आहे. त्याचा वरचा मजला बंद असायचा, खाली आम्ही. म्हणजे दोन देश जितके जवळ येतील, तितका मी दाराकडे सरकणार, असा हा सगळा मामला होता. तरी पगार घ्यायचा तो त्यांना जवळ आणण्याचा.

अशात त्या देशाच्या व्यापारमंत्री बाई दौऱ्यावर आल्या. मंत्री होण्याआधी त्या शाळेच्या मुख्याध्यापिका होत्या, आणि ते दिसत होतं. त्या दिवशी शमाल सुटला होता. शमाल म्हणजे इथला उत्तरेकडून येणारा धुळीचा वारा. आला की आभाळ आणि रस्ता एकाच रंगाचे होतात. विमान वर घिरट्या घालत होतं आणि मी खाली. येणाऱ्यांच्या दाराशी मी इतक्या येरझाऱ्या घातल्या की पोलीस येऊन विचारून गेला, काका, कोणी हरवलंय का?

करारावर सह्या सरकारी कचेरीत झाल्या. मासळीची आयात, पर्यटन, एकमेकांच्या व्यापाऱ्यांना सवलती. फोटो निघाले, हस्तांदोलनं झाली. बाहेरच्या माणसाला वाटतं की देशांचे संबंध इथे जुळतात. इथे फक्त शाई वाळते. जे काही व्हायचं ते संध्याकाळी मजलिसमध्ये होतं. मजलिस म्हणजे घरातला बैठकीचा मोठा दिवाणखाना, भिंतीला लागून चहूकडे गाद्या. तिथे घाई केली की काम बिघडतं, आणि माझ्यासारख्याला तिथे बसवणं म्हणजे मांजराला तव्यावर बसवणं.

गाडीत मी बाईंना सगळं नीट समजावलं. आधी गहवा येईल. गहवा म्हणजे इथली वेलदोड्याची कॉफी. ती फिंजानमध्ये देतात, म्हणजे बिनकानाच्या इवल्याशा कपात. उजव्या हातानं घ्यायचा. पुरे झालं की फिंजान हलवायचा, नाहीतर ओतणारा ओततच राहतो. पायाचा तळवा कोणाकडे करायचा नाही. बाई मन लावून ऐकत होत्या. मग त्यांनी विचारलं, "दूतावासाचं काही होईल का हो? परवाच आमची दोन मुलं कागदाविना अडकली असं ऐकलं." मी म्हटलं, इंशाल्ला. माझ्याच तोंडून तो शब्द आला आणि मला माझाच राग आला.

बू खलील शुभ्र कपड्यांत दाराशी उभे होते. त्यांना इंग्रजी चांगलं येतं, पण मजलिसमध्ये मोठा पाहुणा असला की ते अरबीशिवाय बोलत नाहीत. म्हणून मी मधे, दोघांच्या किंचित मागे. गहवा आला. ओतणाऱ्यानं पहिला फिंजान बाईंना दिला, मग त्यांच्या सोबतच्या दोन अधिकाऱ्यांना. बू खलील यांना दिला नाही. डॉक्टरनं त्यांची कॉफी बंद केली होती. बोलणं सुरू झालं. वारा, विमान, मुलंबाळं, नातवंडं. मी या बाजूचं त्या बाजूला करत होतो. बाईंच्या हातात फिंजान तसाच. त्यांनी एकदा बू खलील यांच्याकडे पाहिलं, मग फिंजानकडे, पुन्हा त्यांच्याकडे. आणि शेवटी अलगद तो समोरच्या चौरंगावर ठेवून दिला, भरलेला.

बू खलील बोलता बोलता थांबले. त्यांच्या हातातली जपमाळ थांबली.

इथे वाचकांना एक सांगायला हवं. अरबांमध्ये जुनी रीत आहे. पाहुण्यानं भरलेला फिंजान न पिता समोर ठेवला, तर त्याचा अर्थ, मी मागणं घेऊन आलोय. मग यजमानानं विचारायचं, तुझी हाजत काय? हाजत म्हणजे गरज, नड. ते देणं कबूल केलं की म्हणायचं, आता तुझा गहवा पी. पाहुणा न पिताच उठून गेला तर त्या घराची अब्रू गेली. नवी पोरं हे विसरलीत. ती मॉलमध्ये कागदी ग्लासातून कॉफी पितात. बू खलील विसरलेले नव्हते.

आणि बाई का पीत नव्हत्या ते त्या दिवाणखान्यात फक्त मला कळलं. सेलीनच्या चहावरची साय माझ्या डोळ्यांसमोर आली. यजमानानं अजून घोट घेतला नव्हता. बाई बिचाऱ्या रीत पाळत होत्या.

बू खलील अरबीत म्हणाले, "आमच्या बहिणीचा फिंजान खाली आहे. तिला विचार, तिची हाजत काय?"

मला एवढंच म्हणायचं होतं: साहेब, तसं काही नाही, त्यांच्याकडे यजमान आधी पितो, तुम्ही नुसता ओठाला लावा. सगळे हसले असते. बाई कॉफी प्यायल्या असत्या, रात्री जेवण, सकाळी विमान. माझी खुर्ची जागेवर, माझं घर जागेवर, आफरीनची शाळा जागेवर. ते वाक्य अरबीत माझ्या जिभेवर तयारसुद्धा होतं.

मी ते बोललो नाही. यात मोठेपणा वगैरे शोधू नका. सेलीन आठवली हे खरं. पण त्याहून खरं हे की वर्षानुवर्षं पडून राहिलेली ती फाइल मला सहन होत नव्हती. लोंबकळत राहिलेली गोष्ट दिसली की माझे हात शिवशिवतात, मग ती माझ्या गळ्याशी येणारी का असेना. मी बाईंकडे वळून इंग्रजीत म्हणालो, "मॅडम, ते विचारतायत तुम्हाला काय हवंय. हे नुसतं विचारणं नाही. त्यांच्या हातात असेल असं एक काहीतरी मागा. आत्ता मागा."

मुख्याध्यापिका बाई हुशार. क्षणभर त्यांनी माझ्याकडे रोखून पाहिलं, मग बू खलील यांच्याकडे वळल्या. म्हणाल्या, "आमच्या झेंड्याला एक छप्पर हवं. आमची मुलं इथे अडकतात तेव्हा त्यांना ठोठावायला एक दार हवं. दुसरं काही नको."

मी शब्दाला शब्द ठेवून ते अरबीत सांगितलं.

बू खलील यांनी जपमाळेचे दोन मणी ओढले. मग बोलले, पण बाईंकडे बघून नव्हे, माझ्याकडे बघून. "माहूजचं घर रिकामंच असल्यासारखं आहे," ते म्हणाले. "ते दिलं. त्यांना घर बांधता येईपर्यंत त्यांचं. सांग तिला."

ते थांबले. माझ्या भाषांतरासाठी सगळेच थांबले होते. त्या घराच्या खिडकीत त्या वेळी आफरीन अभ्यासाला बसलेली असणार, स्वयंपाकघरात जुबैदा माझ्यासाठी जेवण झाकून ठेवत असणार. मी म्हटलं, "मॅडम, माहूज नावाच्या भागात त्यांचा एक बंगला आहे. चांगला आहे. हवेशीर आहे. तो त्यांनी तुम्हाला दिला." हवेशीर हा शब्द माझ्या पदरचा. दुभाष्यानं पदरचं काही घालायचं नसतं, पण ते घर मी ओळखत होतो.

"आता तुझा गहवा पी," बू खलील म्हणाले.

मी ते सांगितलं. बाईंनी फिंजान उचलला आणि पुन्हा त्यांच्याकडे बघत राहिल्या. आता मात्र मी वाकून बू खलील यांच्या कानात म्हणालो, "साहेब, आधी तुम्ही. एक घोट." त्यांना काही कळलं नाही, पण त्यांनी फिंजान मागवला आणि डॉक्टरला न जुमानता प्यायले. मग बाई प्यायल्या. दोन देशांचे संबंध दृढ झाले ते असे. वर्तमानपत्रात सह्यांचा फोटो आला.

पाहुणे हॉटेलवर गेल्यावर बू खलील यांनी मला थांबवून घेतलं. "ती रीत तू तिला गाडीत शिकवली होतीस?"

"नाही साहेब."

"मग ती प्यायली का नाही?"

मी खरं ते सांगितलं. ते डोळे विस्फारून ऐकत राहिले आणि मग इतके हसले की त्यांना ठसका लागला. "म्हणजे ती माझीच वाट बघत होती! आणि मी घर देऊन बसलो!" हसता हसता ते गंभीर झाले. म्हणाले, "हे तुला तेव्हाच ठाऊक होतं?"

"हो साहेब."

"आणि तिथे राहतोस तू."

त्यांनी माझ्या खांद्यावर हात ठेवला. "खलास. शब्द गेला तो गेला. तुझाही आणि माझाही."

घरी सांगितलं तेव्हा जुबैदा आधी ऐकून घेऊन पदर खोचत उठली, मग परत बसली. "तुमी काय बोललाव?" असं तिनं इतक्यांदा विचारलं की मलाच ते खोटं वाटायला लागलं. आफरीन म्हणाली, "बाबा, यू गेव्ह अवे अवर हाउस?" मी म्हटलं, आपलं नव्हतंच ते. ती म्हणाली, "आय नो. बट स्टिल." मला वाईट वाटलं आणि अभिमानही वाटला. एकाच वेळी दोन्ही वाटणं फार त्रासाचं असतं.

पुढचं सगळं रीतसर झालं. कचेरी बंद झाली, पितळी पाटी मीच स्क्रू काढून उतरवली. बू खलील यांनी ती स्वतःच्या मजलिसमध्ये टांगली आहे. आम्ही सनाबिसमध्ये दोन खोल्यांच्या फ्लॅटमध्ये आलो. मला पेढीच्या मआमीरच्या गोदामात बसवलं, कारखान्यांच्या शेजारी, येणाऱ्याजाणाऱ्या ट्रकांचे गेटपास द्यायला. पूर्वी मी माणसं बेटावर धाडायचो, आता टाइल्स इथल्याच रिफ्फा गावाला धाडतो. खलीलनं सांगून ठेवलंय की चालू व्हिसा संपला की इंशाल्ला बघू. तो संपतोय आफरीनच्या बारावीच्या परीक्षेच्या आधी. दूतावासात स्थानिक नोकर ठेवतात, व्हिसाही तेच काढतात. त्यांना शिक्के कळणारा, अरबी आणि हिंदी दोन्ही बोलणारा माणूस लागणार हे मला ठाऊक होतं. मी बोलावण्याची वाट बघत होतो.

मागच्या आठवड्यात ते आलं. राजदूतसाहेबांनी कॉफीला बोलावलं, तुमच्या इतक्या वर्षांच्या सेवेबद्दल आभार मानायचे आहेत म्हणून. मी इस्त्रीचा शर्ट घातला. जुबैदा म्हणाली मी गाडीत बसते, आत तुमी एकटेच जा, आणि सरळ विचारा.

बंगला ओळखू येत नव्हता. नवा रंग, फाटकावर झेंडा. व्हरांड्यात जुबैदाचा कढीपत्ता कुंडीत तसाच होता, कोणीतरी पाणी घालत होतं. दारात कागद घेतलेली बेटावरची तीन पोरं रांगेत उभी होती. त्यांना बघून मला खरोखर बरं वाटलं, ते लपवणार नाही.

जिथे आमचा जेवायचा टेबल असायचा तिथे आता सोफे आहेत. राजदूतसाहेब मनमिळाऊ माणूस. माझ्यासाठी त्यांनी मुद्दाम गहवा करवला होता, फिंजानसकट. तो माझ्या हातात आला. मी मनाशी ठरवूनच गेलो होतो. आयुष्यभर ज्यानं घाई केली तो मी, त्या दिवशी फिंजान न पिता अलगद टेबलावर ठेवला आणि थांबलो. आता ते विचारतील, इस्माईल, काय हवं?

राजदूतसाहेबांचा चेहरा खुलला. "वा! तुम्हाला आमची रीत माहीत आहे!" ते म्हणाले. त्यांनी आपला फिंजान उचलला, माझ्याकडे बघत मोठा घोट घेतला, आणि मायेनं म्हणाले, "आता घ्या."

मी घेतला. मग त्यांनी माझे आभार मानले, बेटाचं चित्र असलेलं कॅलेंडर दिलं आणि दारापर्यंत सोडायला आले.

गाडी माहूजच्या गल्लीतून मोठ्या रस्त्याला लागली तेव्हा जुबैदानं विचारलं, "विचारलाव?"

"कॉफी प्यायलो," मी म्हणालो आणि झालेलं सांगितलं.

ती कॅलेंडरकडे बघत राहिली. चित्रात माड होते, होड्या होत्या, लाल वाट होती. "हर्णै," ती म्हणाली. मग माझ्याकडे वळली. "दोन देशांची बोलणी केलाव तुमी. तुमची सोताची एक गोष्ट तोंडानं बोलता येत नाय? अल्लान तोंड कशाला दिलान?"

पुढच्या चौकात वळायला जागा होती. मी गाडी वळवली.

फाटकावरच्या पहारेकऱ्यानं हात आडवा केला. नवा मुलगा, मला ओळखत नव्हता. "सर, अपॉइंटमेंट है क्या?"

"नहीं है, भाई," मी म्हणालो. "अंदर जाके बोल, इस्माईल वापस आया है। उसको काम चाहिए।"